साऱ्या समुद्राचा मामा

पोउवालूने मला भाषण करायला सांगितलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण पोउवालू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, शिवाय गावचा कारभारी, आणि मला नाही म्हणायला नेहमीच जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

तो कुंपणाबाहेरूनच बोलत होता. लेसिएली घरात असली की तो आत येत नाही. आमच्या टोंगात भाऊ मोठा झाला की बहिणीपासून बेताने राहतो. तिच्यादेखत थट्टा करायची नाही, आवाज चढवायचा नाही, तिने काही सांगितलं तर मान खाली घालून ऐकायचं. म्हणून लेसिएली त्याला थेट काही सांगतच नाही. जे सांगायचं असतं ते ती मला मोठ्याने सांगते, आणि तो कुंपणाशी उभा राहून ऐकतो.

“दाजी,” तो म्हणाला, “नीउए बेटावरचे पाहुणे गुरुवारी येताहेत, सभागृहाच्या उद्घाटनाला. शुक्रवारी सकाळी त्यांच्यापुढं तुम्ही ते तुमचं सांगा. त्यांची भाषा नि आपली भाषा एका घरातली कशी, ते. त्यांना बरं वाटेल.”

“लोकांना झोप येईल.”

“येऊ दे की. दीड दिवस बोट लागून आलेली माणसं. त्यांना झोप हवीच आहे.”

आतून लेसिएली म्हणाली, “अहो, त्याला विचारा, शनिवारी जनरलला कापणार ना?”

मी विचारायच्या आत पोउवालूने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि थोडं दुःखही होतं.

जनरल म्हणजे त्याचा डुक्कर. काळाकभिन्न, पाठीवर राठ केस, सुळे वळून पुन्हा गालाकडे आलेले. विलायती फणसाच्या झाडाखाली तो दोराने बांधलेला असे आणि येणारा-जाणारा त्याला वाकून पाहून जाई. मोठ्या कार्याला आमचे सरदार येतात तेव्हा भाजलेली डुकरं त्यांच्यापुढे ओळीने मांडतात, आणि कोणतं कोणाचं ते एक जण मोठ्याने पुकारतो. सगळ्यांत मोठं डुक्कर ज्याचं, त्याचं नाव आधी. गेल्या दोन्ही वेळेला ते नाव गावातल्याच तानिएला नावाच्या माणसाचं होतं. यंदा मामला अधिक नाजूक होता. पुकारणारा म्हातारा वारला होता, त्याची पदवी रिकामी होती, आणि सरदार ती शनिवारी कोणाला तरी देणार अशी बोलवा होती. पोउवालूला ती पदवी हवी होती. त्यासाठी जनरलला तो स्वतःच्या हाताने नारळ फोडून घालत असे.

लेसिएलीला जनरलबद्दल वेगळ्या कारणाने आस्था होती. मागच्या वर्षी आमच्या मुलीच्या लग्नात पोउवालूने मामा म्हणून जे डुक्कर पाठवलं ते मांजरापेक्षा थोडंच मोठं होतं. जनरल आजारी आहे, असा निरोप होता. लग्नाच्या दिवशी जनरल आमच्या कुंपणापलीकडे रताळी उकरत होता, आणि आजाऱ्याच्या मानाने बरीच उकरत होता. लेसिएली तेव्हा काही बोलली नाही. आजतागायत बोललेली नाही.

मी तयारीला लागलो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून या बेटावरचा शब्द त्या बेटावर कसा होतो ते जुळवत बसणं एवढाच माझा उद्योग आहे. मला त्यातलं फार कळतं असं नाही. टपालाने पुस्तकं येतात, मी ती दोनदा वाचतो, आणि मग लेसिएली ती चटईसाठी वाळवलेल्या पानांच्या पट्ट्यांवर वजन म्हणून ठेवते. या वेळी तिने आपण होऊन झाडाच्या सालीच्या कापडाचा एक उरलेला तुकडा काढून दिला. त्यावर मी काजळीच्या रंगाने झाड काढलं. खाली एक खोड. त्याला दोन मोठ्या फांद्या. डाव्या फांदीला दोनच डहाळ्या, टोंगा आणि नीउए. उजवीकडे बाकी सगळे: सामोआ, तुवालू, मग पुढे ताहिती, रारोटोंगा, माओरी, पार तिकडे रापा नुई. उजवीकडे जागा पुरेना, म्हणून हवाईला कोपऱ्यात वाकवावं लागलं.

लेसिएली मागे उभी राहून बघत होती.

“ह्या डावीकडच्या दोघांत मुलगी कोणती?”

“भाषांना मुलगा-मुलगी नसतं.”

“मग थोरली कोणती?”

“तेही सांगता येत नाही. दोन्ही एकदमच फुटल्या.”

“जुळी पोरंसुद्धा एकदम होत नाहीत,” ती म्हणाली, आणि पट्ट्यांवरचं जाड पुस्तक उचलून तिने माझ्यापुढे ठेवलं. “बघा यात.”

यात नव्हतं. मी तसं सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि गुरुवारी दिवसभर नीउएच्या बायकांबरोबर चटया विणायला गेली. तिकडून हसण्याचे आवाज येत होते. बायका जमल्या की हसतात, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. मी कापड भिंतीला टांगलं. ते थोडं तिरकं लागलं होतं आणि मला तेच दिसत राहिलं. पहिली काही वाक्यं मी कोणाला ऐकू जाणार नाहीत अशी बोललो. मग उवेपाशी आलो.

“माशाला आपण इका म्हणतो, नीउएतही इका, माओरीतही इका,” मी म्हणालो. “डोळ्याला माता, बहुतेक सगळीकडे माता. आणि उवेला कुतू. टोंगात कुतू, नीउएत कुतू, माओरीत कुतू. म्हणजे पूर्वज निघाले त्या पहिल्या होडीत ऊ होती.”

लोक हसले. त्या हसण्याने मला धीर आला आणि माझ्या मते जे खरं सुंदर आहे ते मी सांगितलं. “आता ‘दोन’ घ्या. माओरी म्हणतात रुआ. सामोआत लुआ. आपण म्हणतो ऊआ, आणि नीउएतही ऊआ. आरंभीचा तो ‘र’ फक्त आपण दोघांनी टाकला. दोन वेगळ्या घरांतून नेमकी एकच वस्तू हरवणं कठीण आहे. म्हणजे ती हरवली तेव्हा आपण दोघे अजून एकाच घरात होतो.”

नीउएचा एक म्हातारा सावकाश मान डोलवत होता. तो जागा होता असं मला वाटतं.

तेवढ्यात त्यांच्या गायकांची प्रमुख उभी राहिली. तालिमा तिचं नाव, सत्तरीची, ठेंगणी, बोटीने चेहरा उतरलेला, पण डोळे अगदी टवटवीत. ती नीउएच्या भाषेत बोलली. सावकाश बोललं तर आम्हाला निम्मं कळतं, आणि ती मुद्दाम सावकाश बोलली.

“मास्तर, ते डावीकडचं घर. त्यात दोन लेकरं, एक तुम्ही, एक आम्ही. त्यात मुलगी कोण नि मुलगा कोण?”

मी लेसिएलीकडे पाहिलं. ती पंख्याने वारा घेत छताच्या वाशांकडे बघत होती.

“पुस्तकात असं…” मी सुरुवात केली.

“त्यात विचारायचं काय?” पोउवालू उठून म्हणाला. त्याला खणखणीत आवाज आहे आणि तो वापरल्यावाचून त्याला राहवत नाही. “टोंगा मुलगा. थोरला मुलगा.”

टोंगाची माणसं खूश झाली. मग एकेक जण विचारात पडत गेला. मागच्या रांगेत कोणीतरी बाई फुसकन हसली.

“सगळ्यांनी ऐकलं ना?” तालिमा म्हणाली. “म्हणजे आम्ही मुलीची लेकरं.” ती चालत पोउवालूपुढे गेली, जमिनीवर त्याच्यासमोर ऐसपैस बसली आणि म्हणाली, “मामा.”

आमच्याकडे बहिणीचा मान भावाहून मोठा, आणि तिच्या लेकरांचा त्याहून मोठा. भाचा किंवा भाची मामाच्या घरातलं आवडेल ते उचलू शकते. मामाने हसायचं आणि आणखी काही हवं का म्हणून विचारायचं. नीउएत ही रीत आमच्याइतकी कडक नाही असं मी वाचलं आहे. पण तालिमाला ती कोणीतरी बारकाव्यांसकट समजावलेली दिसत होती. तिने आधी पोउवालूच्या हातातला पंखा घेतला. मग त्याची तंबाखूची पुडी घेऊन मागे आपल्या माणसांकडे दिली. लोक हसत होते, पोउवालूही हसत होता.

“आणि ते काळं डुक्कर,” तालिमा म्हणाली. “विलायती फणसाखालचं.”

पोउवालूचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला पोउवालू निघून गेला. “मावशी, थट्टा पुरे झाली.”

“मावशी कुठली? भाची मी तुझी.”

“ते उद्यासाठी आहे.”

“मलाही उद्यासाठीच हवंय. आम्ही आणलेत अळूचे कंद नि नारळी खेकडे. डुक्कर काही बोटीवर घेऊ देईनात. उद्या तुम्ही सगळ्यांची नावं पुकारणार नि आमचं नाव येणार शेवटी, कंदांच्या टोपल्यांबरोबर. इतक्या लांबून ओकत ओकत काय शेवटून पहिलं यायला आलो? मामाच्या घरचं डुक्कर आमच्या नावानं ठेवू.”

“कारभारी,” तानिएला मागून गोड आवाजात म्हणाला, “भाचीला नाही म्हणताय का? सरदारांच्या कानावर गेलं तर काय वाटेल त्यांना?”

पोउवालूने एक मोठा श्वास घेतला. “आणखी काही हवं का?” तो म्हणाला.

“सध्या नको,” तालिमा म्हणाली.

दुपारी तो आमच्या कुंपणाशी आला. “दाजी, ते झाड बदला.”

“म्हणजे काय करू?”

“टोंगाला मुलगी करा. पुस्तकात सापडलं म्हणा.”

“पण पुस्तकात तसं नाही.”

“पुस्तक वाचलंय कोणी?”

हे खरं होतं, आणि मला ते थोडं लागलं. आतून लेसिएली म्हणाली, “अहो, त्याला सांगा, मागच्या वर्षीसारखं एखादं आजारी डुक्कर असेल तर ते ठेव म्हणावं सरदारांपुढं.” पोउवालूने मान खाली घातली. मग म्हणाला, “ते कापड आणा बघू.”

मी ते कुंपणावर पसरलं. माझं झाड इतक्या लक्षपूर्वक कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्याने एकेका फांदीवरून बोट फिरवलं.

“ही उजवीकडची मोठी फांदी कोणाची?”

“सामोआ आणि बाकीच्यांची.”

“ती नि आपली फांदी भावंडं?”

“हो.”

“आपली फांदी मुलगा धरली नि ती मुलगी, तर सामोआवाले म्हणजे टोंगाच्याही आत्याची मुलं नि नीउएच्याही आत्याची मुलं.”

“बरोबर,” मी म्हणालो. मला आनंद झाला होता. शाळेत हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं, पण खालून वर आणि पुन्हा वरून खाली असं कोणाला झटकन जाता आलं नव्हतं.

“आत्याचं पोर नीउएवाल्यांकडून डुक्कर उचलू शकतं?”

“झाडाप्रमाणे शकतं. पण पोउवालू, मुलगा-मुलगी हे आपण मनाने…”

तो निघून गेला होता.

सभागृहाचं छप्पर घालणारा सुतार लाफाएले सामोआचा होता. दोन महिने तो पोउवालूकडे जेवत होता. पोउवालूने त्याला छपरावरून खाली बोलावून सगळं समजावलं: जायचं, हक्क सांगायचा, जनरलला घेऊन परत पोउवालूच्या दारात बांधायचं. पुरावा म्हणून मला कापड घेऊन बरोबर जावं लागलं. वाटेत लाफाएलेने दोनदा विचारलं, “मास्तर, म्हातारी मारणार नाही ना?”

तालिमा सावलीत बसून नारळ खात होती, जनरल शेजारी बांधलेला होता. मी फांद्या दाखवल्या. माझा आवाज पुन्हा बारीक झाला होता. तिने ऐकून घेतलं आणि लाफाएलेकडे पाहिलं.

“आत्याचं पोर होय? ये बाबा. जेवलास का?”

“जेवलो.”

“काय जेवलास?”

“खारे मासे नि कसावा.”

“आणि काल?”

लाफाएलेने थोडा विचार केला. “खारे मासे नि कसावा.”

तिने जनरलचा दोर सोडून त्याच्या हातात दिला. इतक्या सहज दिला की मला काळजी वाटली. “कुठं नेणार?” तिने विचारलं.

“पोउवालूकडं.”

“का रे? तू आत्याचा मुलगा, तो मामाच्या घरचा. आत्याच्या मुलानं मामाच्या घरी डुक्कर नेऊन दिलं असं कधी ऐकलंयस? उलटं असतं ते. ऐकलं की सामोआत हसतील तुला.”

लाफाएलेने दोराकडे पाहिलं, मग जनरलकडे. सरदार नवं घर बांधणार आहेत आणि त्यांना सुतार लागणार, ही बातमी त्याच्याही कानावर होती. डुक्कर हा शब्द तिन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. त्या दोघांना मी मध्ये असण्याची काही गरज नव्हती. जनरल त्या संध्याकाळी लाफाएलेच्या बिऱ्हाडाच्या खांबाला बांधला गेला.

“देत नाही तो,” पोउवालू कुंपणाशी येऊन म्हणाला. “म्हणतो, आत्याकडं दिलेलं परत मागतात का. मलाच विचारतोय.” तो जमिनीवर बसला. इतका मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला. “तानिएलाचं नाव पुकारतील उद्या. जाऊ दे, दाजी. माझा बाप त्या पदवीकडं बघत बघत गेला. त्याला आवाज होता, डुक्कर नव्हतं. मला वाटलं, मला दोन्ही आहे.”

मी लेसिएलीच्या आवाजाची वाट पाहिली. आतून काही आलं नाही. थोड्या वेळाने तिने मला आत बोलावून एक ताट दिलं. केळीच्या पानात बांधून शिजवलेलं मांस होतं, नारळाच्या दुधातलं, त्याला आवडतं तसं. “द्या त्याला,” ती म्हणाली. या वेळी हळू आवाजात.

शनिवारी पुकारायचं काम धर्मोपदेशकांकडे होतं. पण जनरल कोणाचा हे विचारल्यावर त्यांना तीन उत्तरं मिळाली, तेव्हा त्यांनी हात वर केले. “मला यात पाडू नका,” ते म्हणाले. “मास्तरांनी झाड काढलं, मास्तर पुकारतील.”

मी खांबाला धरून उभा राहिलो. वर्गात मुलांपुढे मी बोलू शकतो, कारण मुलं खिडकीबाहेर बघत असतात. इथे सगळे माझ्याकडे बघत होते. सरदार काळा चष्मा लावून मधल्या चटईवर बसले होते. त्यांच्यापुढे भाजलेल्या डुकरांची ओळ, आणि मधोमध जनरल, तांबूस, चकचकीत. तानिएलाचं डुक्कर त्याच्या शेजारी त्याच्या पिलासारखं दिसत होतं. एका बाजूने तालिमा माझ्याकडे रोखून बघत होती, दुसऱ्या बाजूने लाफाएले. पोउवालू कोणाकडेच बघत नव्हता.

एकाचं नाव घ्यावं तर बाकीच्या दोघांना काय सांगू ते मला सुचेना. मला एकच गोष्ट जमते. आधी काय होतं, त्यातून काय निघालं, ते क्रमाने सांगायचं. तेच मी केलं.

“हा डुक्कर पोउवालूच्या घरी वाढला,” मी म्हणालो. “टोंगा थोरला भाऊ, म्हणून नीउएच्या भाच्यांनी तो पोउवालूकडून उचलला. सामोआ आत्याची लेकरं, म्हणून त्यांनी तो नीउएकडून उचलला. आता तिघांनी मिळून तो इथं ठेवला आहे.”

‘मिळून’ हा शब्द माझा होता. तो कितपत खरा होता ते मला सांगता येणार नाही. कोणी हरकत घेतली नाही.

सरदारांनी कापड जवळ मागवलं. चष्मा काढून ते पाहिलं. “माझी पणजी फिजीची, मास्तर. फिजी कुठं आहे यात?”

“कापड संपलं, सरकार.”

“कापड संपलं म्हणून फिजी बुडालं?”

“नाही सरकार. फिजी या खोडाच्याही खाली आहे. खोडाचं भावंडच म्हणा.”

“असं. मग खोड मुलगा की मुलगी?”

पुस्तकात असं नसतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागे पोउवालू उठला होता. त्याने जनरलकडे शेवटचं पाहून घेतलं. मग त्याची नजर बायकांत बसलेल्या आपल्या बहिणीकडे गेली आणि लगेच खाली वळली.

“मुलगा, सरकार,” तो म्हणाला. “आम्ही सगळीकडं मुलगाच.”

सरदारांचं पोट आधी हललं, मग खांदे, मग त्यांना डोळे पुसावे लागले.

“म्हणजे फिजी मुलगी, नि हे डुक्कर तसंही माझंच होतं.”

“होय सरकार.”

“आणि नीउएचा, सामोआचा, फिजीचा, सगळ्यांचा मामा तू.”

“होय सरकार,” पोउवालू म्हणाला, आणि रीत आहे म्हणून पुढे म्हणाला, “आणखी काही हवं का?”

यावर जे हसू फुटलं ते बाहेर जेवण शिजवणाऱ्यांनाही ऐकू गेलं. नीउएची माणसं जमिनीवर हात आपटत होती. तालिमा हसता हसता मला म्हणाली, “मास्तर, बसा आता, पडाल.” मी बसलो.

पदवी पोउवालूला मिळाली. कोण कोणाचा कोण ते मास्तरला सांगता येतं, पण मास्तरला आवाज नाही, असं सरदार म्हणाले, आणि ते खरंच आहे. आवाज असून स्वतःला सगळ्यांच्या खाली नेऊन बसवणारा माणूस त्यांना या बेटावर दुसरा दिसला नाही. “पण मामा म्हणवून घेतलंस,” त्यांनी बजावलं, “तर आता मामाच राहायचं. तोंडानं एक नि दाराशी दुसरं, असं कानावर यायला नको.” मग त्यांनी पोउवालूलाच ओळ पुन्हा पहिल्यापासून पुकारायला लावली. त्याने नीउएचं नाव पहिल्याने घेतलं, इतक्या मोठ्याने की तालिमाने कानावर हात ठेवले. तानिएलाचं नाव आलं तेव्हा त्याचा आवाज जरा बसल्यासारखा झाला. नवी पदवी आहे, घसा तयार व्हायला वेळ लागतो.

सरदारांनी लाफाएलेला विचारलं, “हे छप्पर गळत नाही ना?”

“अजून पाऊस झालेला नाही, सरकार,” लाफाएले म्हणाला. त्याला घराचं काम मिळालं.

नीउएची बोट सोमवारी गेली. धक्क्यावर तालिमा आणि लेसिएली एकमेकींच्या गळ्यात पडून बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा थांबल्या.

बोटीबरोबर गोष्टही गेली. समुद्रावर गोष्टी वाऱ्याच्या उलटही जातात असा माझा अनुभव आहे. दोन महिन्यांनी इस्पितळात आलेली एक माओरी परिचारिका पोउवालूच्या दारात उभी राहिली. “मामा, मी आत्याकडची,” ती म्हणाली, आणि त्याचा झुंजीचा कोंबडा घेऊन गेली. मग शिडाच्या होडीतून ताहितीचे दोघे आले, त्यांनी केळीचे घड नेले. तुवालूच्या एका उपदेशकाने नवी चटई नेली आणि आशीर्वाद दिला. प्रत्येक वेळी पोउवालू हसला आणि आणखी काही हवं का म्हणून विचारलं. आता तो पदवीधारी होता, दुसरं काही करता येत नव्हतं. मग ऑकलंडहून आमची मुलगी आली. तिला झाडाची गरज नव्हती, ती सख्खी भाची. तिने त्याच्या डुकरिणी नीट पाहिल्या, सगळ्यांत मोठी निवडली आणि आमच्या कुंपणाच्या आत आणून बांधली. लेसिएलीने त्या दिवशी मला मोठ्याने काहीच सांगितलं नाही.

परवा पोउवालू कुंपणाशी आला. थोडा वाळला आहे, पण आवाज भरदार झाला आहे.

“दाजी, खरं सांगा. त्या झाडाला एकूण फांद्या किती?”

“पस्तीसेक असतील,” मी म्हणालो. “नक्की सांगता येत नाही. काही पुस्तकांत जास्त धरतात.”

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

“रापा नुईहून इथं थेट बोट येते का?”

“नाही. फार लांब आहे ते.”

“बरं आहे,” तो म्हणाला आणि डुकरांना नारळ घालायला निघून गेला.